बुडालेला चित्रकलेचा तास

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग कान गरम होतात. हसू येते ते तिच्यातल्या एका चित्रकला शिक्षकामुळे, आणि कान गरम होतात ते माझ्या स्वतःमुळे. नावे कोणाचीच देत नाही. माझे द्यायला हरकत नव्हती, पण मग बाकीच्यांचीही ओळखू येतील.

मी तेव्हा पुण्यात पोलीस निरीक्षक होतो. कर्वेनगरचा काही भाग आमच्या ठाण्याच्या हद्दीत येत असे. एका सकाळी हजेरी झाली, दिवसपाळीला कामे वाटून दिली आणि चहाचा कप उचलला, तेवढ्यात एक अधिकारी बाई आत आल्या. शासनाची तेव्हा एक योजना होती. चांगल्या शिक्षकांना निवडून वर्षभर पुण्यात ठेवायचे, मुख्याध्यापक होण्याचे शिक्षण द्यायचे, त्याचा सगळा भार शासनाने उचलायचा. त्यातले सहा महिने प्रशिक्षणार्थीने एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली, त्याच्याच शाळेत काढायचे. रोज काय केले ते दैनंदिनीत लिहायचे आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यायची. हे सगळे खरोखर होते की कागदावरच होते, यावर देखरेख ठेवणे हे या बाईंचे काम. त्या पदावर नव्यानेच आल्या होत्या.

त्यांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिला एका प्रशिक्षणार्थी शिक्षिकेच्या दैनंदिनीचे पान. गुरुवार, अकरा ते साडेबारा, मुख्याध्यापकांसोबत पोषण आहाराची पाहणी व चर्चा. खाली मुख्याध्यापकांची सही. दुसरा कागद त्याच गुरुवारच्या बैठकीचा हजेरीपट. शहरातल्या अशा सगळ्या मुख्याध्यापकांची मासिक बैठक, अकरा ते दोन. त्यावरही त्याच मुख्याध्यापकांची सही.

बाई म्हणाल्या, "एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. बैठकीत हे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते, बोललेही. तेव्हा दैनंदिनीतली सही बनावट आहे. शासकीय कागद आहे साहेब, सोडून देता येणार नाही."

मलाही ते उघड वाटले. बाईंचा तक्रार अर्ज आवक नोंदवहीत चढवला आणि प्राथमिक चौकशी माझ्याकडे ठेवली. मुख्याध्यापकांना फोन केला. ते अडखळत म्हणाले, "हजेरीपटावर सही आहे ना? मग गेलोच असेन." मी ते तसेच लिहून घेतले आणि शिक्षिकेला ठाण्यात बोलावले.

त्या विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावच्या. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत होत्या. वडील गिरणी कामगार, घरातली शिकलेली पहिली पिढी, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी विचारले नाही.

"त्या गुरुवारी कुठे होता?"

"मी तर शाळेतच होती साहेब. सरही शाळेतच होते."

त्यांच्या गावाकडच्या बोलण्यावर आमचा हवालदार गालात हसला. मी पाहिले आणि त्याला काही बोललो नाही.

"मग बैठकीतली सही कोणाची?"

"ते मला नका विचारू. सरांना विचारा."

"मुख्याध्यापक व्हायला निघालात बाई, आणि सुरुवात अशी?"

हे मी मोठ्या आवाजात म्हणालो. ठाण्यात पासपोर्टच्या कामाला आलेली चार-पाच माणसे बसली होती. त्या गप्प राहिल्या. गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, हा आमच्या धंद्यातला जुना समज. तो माझाही होता.

मग नमुना सह्या. प्रथेप्रमाणे मी त्यांना मुख्याध्यापकांचे नाव तीस वेळा सही केल्यासारखे लिहायला लावले. पंधराव्या वेळी त्या थांबल्या. "साहेब, मी माझ्या वर्गात कोणालाच दहाच्या वर लिहायला लावत नाही. हात दुखतो लेकरांचा."

मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी तीस पूर्ण केल्या. आणि त्या गेल्यावर मी जे केले, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. त्यांची गावाकडची शाळा चालवणाऱ्या ज्या संस्थेने त्यांना प्रशिक्षणाला पाठवले होते, तिच्या अध्यक्षांना मी फोन केला. नियमाने तशी गरज नव्हती. नुसती माहिती घ्यायची होती, तर तेवढीच घ्यायची. मी बोलून गेलो, "तुमच्या शिक्षिका बनावट सहीच्या प्रकरणात सापडल्या आहेत." चौकशी चालू आहे असेही म्हणालो नाही. सरळ सापडल्या आहेत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतःच ठाण्यात आल्या. संस्थेने त्यांचे ना हरकत पत्र मागे घेतो म्हणून कळवले होते. नऊ दिवसांनी अंतिम मूल्यमापन. ते पत्र नसेल तर बसता येणार नाही, आणि न बसल्यास वर्ष तर गेलेच, पुन्हा निवडही नाही.

"साहेब, माझा गुन्हा नोंदला का?"

"नाही. चौकशी चालू आहे."

"मग अध्यक्षांना माझ्या आधी कसं कळलं?"

मी म्हणालो, "बघतो." त्या "बघतो"चा अर्थ पुण्यात सगळ्यांना माहीत असतो. त्यांनाही वर्षभरात कळला असावा.

पण त्या रात्री जेवण गोड लागले नाही, आणि सकाळी मी साध्या कपड्यांत त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाहेर मैदानात होते. मी शिपायाला म्हणालो, जरा वर्ग बघतो. मुलांनी मला शिक्षण खात्याचा माणूस समजून एकसुरात नमस्ते केले. सातवीचा वर्ग होता. मी विचारले, "दोन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार आठवतो का कोणाला?"

मोठ्या माणसाला असे विचारले तर तो छताकडे बघतो. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी ताडकन उठली.

"चित्रकलेचा तास बुडाला तो?"

सगळ्या वर्गाने एकदम सुस्कारा सोडला. जखम ताजी होती.

"का बुडाला?"

"चित्रकलेचे सर आलेच नाहीत. मग मोठे सर आले आणि त्यांनी भूमिती घेतली. दोन्ही तास!"

"मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक?"

"हो ना. आम्ही विचारलं, चित्रकलेचे सर कुठे गेलेत? तर म्हणाले, माझ्या कामाला गेलेत."

मागून एक मुलगा म्हणाला, "त्याच्या आधी मोठे सर आणि बाई खिचडी बघायला आले होते. मटकी कच्ची होती. बाईंनी परत शिजवायला लावली. म्हणून उशीर झाला."

मुलीने न सांगताच वही काढली. वर तारीख, खाली समद्विभुज त्रिकोण, आणि बाजूला लाल शाईत मुख्याध्यापकांची आद्याक्षरे. मी म्हणालो, अजून कोणाकडे आहे? चाळीस वह्या वर झाल्या. इतके पक्के आणि इतके एकमताचे साक्षीदार मला त्याआधी कधी मिळाले नव्हते. बुडालेला गणिताचा तास मुले संध्याकाळपर्यंत विसरतात. चित्रकलेचा बुडालेला तास नोंद होऊन राहतो.

म्हणजे दैनंदिनी खरी होती. खोटा होता तो शासनाचा हजेरीपट.

चित्रकला शिक्षक मला शिक्षकांच्या खोलीत ब्रश धुताना सापडले. मी ओळखपत्र दाखवले. त्यांनी ब्रश शांतपणे फडक्याला पुसला.

"सहीचं आहे का? बरी जमली होती ना?"

"तुम्ही मुख्याध्यापक म्हणून बैठकीला गेलात?"

"एकदा नाही, तीनदा. सर म्हणतात, तुम्ही जा, मला इथे काम आहे. तिथे काय, सही करायची, बटाटावडा खायचा, ऐकायचं. गेल्या वेळी मात्र मला राहवलं नाही, बोललो थोडं."

"काय बोललात?"

"होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांना आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघरात उभं करा म्हणालो. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. इतिवृत्तात आलंय, दाखवू?"

त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अभिमान जास्त होता. मला हसू आवरेना. नोकरीत चौकशीच्या वेळी मी हसल्याचा तो एकमेव प्रसंग असावा.

मग मुख्याध्यापक आले. केस पांढरे, बाहीला खडू लागलेला. मी चाळीस वह्यांचे सांगितले तेव्हा ते खुर्चीवर बसले.

"अहो, दर महिन्याला बैठक. मुख्याध्यापक कसे घडवावेत यावर तीन तास. मी म्हटलं, ते बोलतायत तोवर मी इथे एक घडवतो."

"ते ठीक आहे सर. पण मी फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी बाहीवरचा खडू झटकला. मग म्हणाले, "निवृत्तीला चार महिने राहिलेत. घाबरलो. आणि बाई माझं नाव सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. ते जास्त वाईट."

त्या गप्प का होत्या ते मला तेव्हा कळले. त्या स्वतःला वाचवत नव्हत्याच. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक ठाण्यात आले आणि स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. चित्रकला शिक्षकांनीही दिला, तोही सुरेख अक्षरात.

अधिकारी बाईंना मी सगळे सांगितले. त्यांनी हजेरीपट पुन्हा उचलून पाहिला.

"म्हणजे त्या बैठकीत एकच उपयोगी सूचना आली, ती..."

"चित्रकला शिक्षकांची."

"पुढच्या वेळी त्यांना त्यांच्याच नावाने बोलवते," बाई म्हणाल्या. "निदान बोलतात तरी." मुख्याध्यापक आणि चित्रकला शिक्षक, दोघांना खात्याची लेखी ताकीद मिळाली, आणि बैठका तीन तासांच्या एका तासावर आल्या. अर्ज बाईंनी मागे घेतला.

माझे काम मात्र तिथे संपले नव्हते. मी संस्थेसाठी पत्र तयार केले आणि शिक्षिकेला प्रत न्यायला बोलावले. पत्रात लिहिले होते, सदर प्रकरणी चौकशी केली असता आपल्या शिक्षिकेविरुद्ध काही निष्पन्न झाले नाही.

त्यांनी उभ्यानेच वाचले आणि पत्र परत टेबलावर ठेवले.

"साहेब, निष्पन्न झालं नाही म्हणजे पुरावा मिळाला नाही. मी केलं नाही, असं लिहा."

"बाई, पोलीस असंच लिहितात."

"मग फोनवर तसं का नाही बोललात?"

मला राग आला. खरे सांगतो, राग आला. मी म्हणालो, उद्या बघू. वरिष्ठांना विचारले तर ते म्हणाले, "कशाला लिहून अडकतोस? फोन कर आणि विषय संपव." सल्ला व्यवहाराचा होता. मी फोन उचललाही. पलीकडे अध्यक्ष "बोला साहेब" म्हणाले, आणि माझ्या लक्षात आले की मी पुन्हा तेच करणार आहे. आवाज चढवून जो डाग लावला, तो आता हळू आवाजात पुसणार. मी "पत्र पाठवतो" एवढे बोलून फोन ठेवला. यात दोन दिवस गेले. मूल्यमापनाला चार उरले.

हवालदाराला समोर बसवून नवे पत्र सांगितले. शिक्षिकेने कोणतीही बनावट सही केलेली नाही. दैनंदिनीतील सर्व नोंदी खऱ्या आहेत. दूरध्वनीवरून मी आपणास दिलेली माहिती चुकीची होती व ती खातरजमा न करता दिली होती. हवालदाराची बोटे कळफलकावर थांबली.

"साहेब, 'चुकीची' ठेवू?"

"ठेव. आणि जावक क्रमांक टाक."

शिक्षिका पत्र न्यायला आल्या तेव्हा हवालदाराने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मी त्यांची माफी मागितली, तीही मोठ्या आवाजात, कारण त्या दिवशीही पासपोर्टवाले बसले होते. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना काय ऐकवता, मला कळलं ना." मग हसल्या. त्या मूल्यमापनाला बसल्या, उत्तीर्ण झाल्या, आणि आज त्यांच्याच तालुक्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत. शाळेत जेवणाआधी मटकी स्वतः चाखून बघतात, असे ऐकतो.

या प्रकरणाने मला काय शिकवले? साक्षीदार शोधायचा तर ज्याचे काही बुडाले आहे त्याला विचारावे, हे एक. पण खरे शिक्षण त्या एका वाक्याचे. माझ्या जुन्या फायलींत "निष्पन्न झाले नाही" असे लिहून सोडून दिलेली माणसे होती. ती निर्दोष आहेत हे मला नंतर पक्के कळले होते. त्यांना मात्र मी कधी कळवले नव्हते. ती माणसे वर्षानुवर्षे त्या अर्धवट वाक्याखाली राहिली, आणि मी निवांत झोपलो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी अशा फायली काढल्या आणि ज्यांचा पत्ता लागला त्यांना पत्रे लिहिली. बहुतेकांचे उत्तर आले नाही, आणि ते बरोबरच आहे. एक उत्तर आले, कसबा पेठेतल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचे. चोरीचे घड्याळ घेतल्याच्या संशयावरून मी त्यांना कधीकाळी दिवसभर ठाण्यात बसवले होते. साधे पोस्टकार्ड, अक्षर मोत्यासारखे.

"आपले पत्र मिळाले. मी निर्दोष आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. आपल्यालाही कळले, आनंद झाला. घरात बंद पडलेले घड्याळ असल्यास घेऊन यावे. दुकान दुपारी एक ते चार बंद असते."

माझ्याकडे बंद घड्याळ नव्हते. शेजाऱ्यांचे मागून घेतले, आणि साडेचारला त्यांच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो.