शिल्लक नावाचा खोका

“मॅडम फळ्याला शिकवत्यात. आपण हितं पाहुणं म्हणून आलोय.”

पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात कुजबुजली. पण शिरूरच्या त्या लॅबमधली वीज गेली होती, पंखे बंद होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला. मागून एका जाड आवाजानं तिला दटावलं, “ए बाय, ऐकू जातंय त्यांना.”

मी वळले नाही. फळ्यावर प्रोग्रामची तिसरी ओळ लिहीत होते, ती पूर्ण केली, चौथीही लिहिली. मुलीचं म्हणणं खरं होतं. तीन आठवडे मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला फळ्याकडे तोंड करून प्रोग्रामिंग शिकवत होते.

त्याचं कारण पहिल्या तासाला घडलं होतं. हजेरी मराठीत घ्यावी म्हणून मी सुरुवात केली आणि एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर म्हणून बसले. वर्गात साठच मुलं होती. “मॅडम, नऊ ॲडमिशन वाढली का?” असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. माझे वडील रेल्वेत. आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. खेळायला हिंदी, शाळेत इंग्रजी आणि जेवताना मराठी, अशी वाटणी होती. त्यामुळे माझी मराठी ताटापुरतीच होती. दुसऱ्या दिवसापासून मी हजेरी इंग्रजीत घेऊ लागले आणि उरलेला वेळ फळ्याला देऊ लागले. तास संपला की दौंडची एसटी पकडायची. नोकरी तासिका तत्त्वावर होती, म्हणजे वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे कोणालाच माहीत नसे. कमी बोलणं मला सगळ्याच बाजूंनी सोयीचं वाटत होतं.

जाड आवाजाच्या माणसाला वर्ग ‘आप्पा’ म्हणायचा. ते तिशीचे असतील, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. रांजणगावच्या एका कारखान्यात ते डिस्पॅचला होते, खोकी भरायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची. शिफ्ट संपली की कंपनीच्याच टी-शर्टवर वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. पोरं त्यांची चेष्टा करायची, “आप्पा, कंपनीत झोपा, हितं जागं ऱ्हावा.” ते म्हणायचे, “दोन्हीकडं जागा असतो म्हणून तर डोळं असं दिसत्यात.” या विषयात ते मागच्या वर्षी नापास झाले होते. कंपनीच्या प्लॅनिंग विभागात एक जागा निघणार होती. कॉम्प्युटरच्या पेपरात पास झाल्याची गुणपत्रिका आणली तरच त्यांचा विचार होणार होता. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं, तसं मलाही समजलं.

त्या दिवशी वीज आली नाही. तास संपल्यावर ते जर्नल घेऊन टेबलापाशी आले.

“मॅडम, ह्ये एक्स कुठनं आलं?”

मी म्हणाले, ते एक नाव आहे. किंमत ठेवायला एक खोका घेतो, त्याला दिलेलं नाव.

“खोक्याचं कळतंय. पन ह्येच नाव पायजे असं हाय का?”

“नाही. कुठलंही चालतं.”

“कुठलंबी? शिल्लक चालंल?”

मी स्वतः शिकत असताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या पुस्तकात एक्स होता, म्हणून आमच्याही प्रोग्राममध्ये एक्स असायचा.

“चालेल,” मी म्हणाले.

“कॉम्प्युटरला मराठी कळंल?”

“त्याला इंग्रजी तरी कुठं कळतं?”

दप्तरं भरणारी मुलं हसली. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक्स लिहिला, पुसला आणि इंग्रजी अक्षरांत ‘शिल्लक’ लिहिलं. मग नावं मागायची म्हणून मला वर्गाकडे वळावंच लागलं. कोणी ‘मागणी’ म्हणालं, कोणी ‘उशीर’. ज्या मुलीला मी फळ्याला शिकवते असं वाटत होतं, तिनं कंपनीच्या बसचा प्रोग्राम सुचवला: बस दहा मिनिटांपेक्षा उशिरा आली तर अर्धी सुट्टी लागते, नाहीतर नाही. तिचा भाऊ त्याच बसनं जायचा. “आन् बस बंद पडली तर?” असं मागून कोणी विचारलं, म्हणून आम्ही त्याचीही एक अट घातली. मला आकडे अजून अडायचे. मी थांबले की पहिला बाक हळूच सांगायचा, “मॅडम, एकोणऐंशी.” ते आता चिडवत नव्हते, निदान फारसं नाही.

जर्नलचं मात्र मी काही करू शकले नाही. ते नुसतं उतरवून काढायची पद्धत माझ्याआधीपासूनची होती. सगळे एकाच गाईडमधून उतरवायचे. त्या गाईडमधल्या एका प्रोग्रामात मधली एक ओळ छापायची राहून गेली होती. तो प्रोग्राम चालणं शक्यच नव्हतं. तरी एकोणसाठ जर्नलमध्ये त्याच्याखाली आउटपुट लिहिलेलं होतं, लाल पेनानं चौकट करून. साठावं जर्नल आप्पांचं. त्यांनी तिथं लिहिलं होतं, ‘चालला नाही.’

प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून एक सर बाह्य परीक्षक म्हणून आले. वयस्क होते, बोलायला चांगले होते. दुपारची गाडी गाठायची म्हणून जरा घाईत होते. लॅबमधले अकराच कॉम्प्युटर चालू होते. तेव्हा मुलांनी प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा आणि वेळ उरला तर चालवून दाखवायचा, असं ठरलं. वेळ कोणालाच उरला नाही. सर कागद वाचून गुणांच्या तक्त्यात पेन्सिलीनं आकडे मांडत गेले. शेवटी ते शाईनं पक्के करायचे आणि त्या तक्त्यावर दोघांच्या सह्या, त्यांची आणि माझी. आमच्या विभागप्रमुखांनी मला सकाळीच बजावलं होतं, “मॅडम, चहा-नाश्ता वेळेवर बघा आणि सरांशी वाद नको.” मी आणि वाद! मला तर हसूच आलं होतं.

एका मुलाला गाईडमधला तोच ओळ गाळलेला प्रोग्राम आला होता. त्यानं तो अगदी तसाच, ओळ गाळून लिहिला होता. सरांनी त्याला चाळीस दिले. मी पाहिलं आणि चहाचे कप गोळा केले.

मग आप्पांचा कागद आला. प्रश्न होता: दहा वस्तूंची संख्या घ्या आणि वीसपेक्षा कमी असलेल्या वस्तू छापा. आप्पांनी नावं दिली होती ‘माल’, ‘शिल्लक’, आणि कमी पडेल तिथं ‘मागवा’ असं छापायचं. मी समोर उभी राहून उलटा कागद वाचला. एकही ओळ चुकलेली नव्हती.

“हे काय आहे?” सर म्हणाले. “शिल्लक, मागवा. किराणा दुकानाची यादी आहे का?” त्यांनी गाईड उघडून दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. “इथं असं कुठं आहे?” आणि पेन्सिलीनं पन्नासपैकी चौदा लिहिले. पास व्हायला वीस लागत होते.

दाराशी उभ्या असलेल्या आप्पांना त्यांनी आत बोलावलं. आप्पा शिफ्ट बदलून आले होते. टी-शर्ट कंपनीचाच होता, पण इस्त्रीचा.

“प्रोग्राम असे लिहितात? कुणी शिकवलं तुम्हाला हे?”

आता ते माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी खिडकीकडे बघू लागले. शाळेपासून माझी हीच रीत होती. जो हात वर करत नाही त्याचं उत्तर चुकत नाही.

आप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

“कुणी न्हाई, सर,” ते म्हणाले. “रजिस्टर लिहून लिहून आमची तीच सवय झालीया. चुकलं.”

“मॅडमनी सांगितलं नाही का, पुस्तकाप्रमाणे लिहायचं म्हणून?”

“सांगितलं व्हतं की. मीच इसारलो.”

सर म्हणाले, “बरं, या तुम्ही.” आप्पा मागं वळले, पण लगेच बाहेर गेले नाहीत. दारातल्या चपलांमध्ये ते आपला जोड शोधत राहिले. तो त्यांच्या पायापाशीच होता.

सरांनी खिशातून शाईचं पेन काढलं आणि घड्याळ बघितलं. वरपासून एकेक आकडा पक्का करत ते खाली आले. चौदाच्या आधी एक ओळ राहिली असताना त्यांनी तक्ता माझ्याकडे वळवला. “मॅडम, तुमची सही करून टाका, म्हणजे मी मोकळा. शेवटचे दोन आकडे मी नंतर पक्के करतो.”

मी पेनाचं टोपण काढलं. मला पुढच्या वर्षाचे तास आठवले, विभागप्रमुख आठवले. मग ‘मीच इसारलो’ हे शब्द आठवले. ते विसरले नव्हते. मी सांगितलेलं सगळं त्यांच्या लक्षात होतं, आणि त्यामुळेच ते नापास होत होते.

टोपण परत लावलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

“सर, नावं अशी ठेवा हे मीच सांगितलं होतं त्यांना, भर वर्गात. प्रोग्राम बरोबर आहे. तीन नंबरचा कॉम्प्युटर चालू आहे, तुमच्यासमोर चालवून बघू. नंतरच मी सही करेन.”