अमलाबाईची घागर

अक्षय तृतीयेला पंचफुलाच्या घरी सहा घागरी भरतात. गावात सगळेच आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं भरतात. पण पंचफुलाकडे नवरा नत्थू याच्या आईवडिलांच्या दोनच. बाकीच्या चार एका जर्मन राजघराण्याच्या.

"आपल्या दोन अन् जर्मनीच्या चार," नत्थू दरवर्षी म्हणतो. "माहा बाप आपल्याच घरी पाहुणा झाला."

सावंगीच्या पलीकडे त्यांची भाजीची वाडी आहे. पन्नासएक वर्षांपूर्वी तिथून जवळच्या दवाखान्यात एक उंच, गोरी नर्स होती. आमालिया. गावानं तिची अमलाबाई केली. ती राजकन्या आहे हे तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. एका पाहुण्यानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की राज्य आजोबांच्या वेळीच गेलं, नुसतं नाव राहिलं.

पंचफुलाला आई नव्हती. पहिल्या खेपेला तिची ओटी माहेरची म्हणून अमलाबाईनं भरली. बाळासाठी आईच्या टेबलावरची चादर कापून दुपटं शिवलं. त्याच्या कोपऱ्यात मुकुट विणलेला होता. पोरं मोठी झाली. मग ते दुपटं ओलं करून नत्थू बाजारात कोथिंबिरीवर टाकू लागला. मुकुटाखालची कोथिंबीर दुपारपर्यंत टवटवीत राही.

वांगी तोडता तोडता अमलाबाई आपलं घराणं सांगे. कोणती आत्या डेन्मार्कला दिली, कोणता काका शिकारीत पडला. धाकटी बहीण सोफी का बोलत नाही, तेही. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ अमलाबाईनं मोडलं आणि ती इकडे निघून आली. सोफीला ते अजून सहन होत नव्हतं. पंचफुलाला यातलं काही नवं वाटलं नाही. तिच्या मावशीकडे असंच झालं होतं.

चौदा वर्षांनी अमलाबाई परत गेली. पत्रं सुरू राहिली. तिनं आईवडील गेल्याचं कळवलं, मग भावाचं. पंचफुलानं एकेक घागर वाढवली. माहेरची माणसं ती.

तीन वर्षांपूर्वी पंचफुलाचं पत्र शिक्का मारून परत आलं. पत्त्यावर माणूस नाही, एवढाच त्याचा अर्थ पोस्टमननं सांगितला. ऐंशी ओलांडलेली बाई पत्त्यावर नाही, म्हणजे आणखी काय असणार? पंचफुला दोन दिवस वाडीत गेली नाही. त्या अक्षय तृतीयेला चौथी घागर आली.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी नात आचल सावंगीच्या नर्सिंग कॉलेजातून घरी आली. तिनं मोबाइलवर त्या घराण्याचं नाव शोधलं होतं, अमलाबाईच्या एका भाच्याला लिहिलंही होतं. त्याचं उत्तर आलं होतं. आत्या मजेत आहे. वृद्धाश्रमात राहायला गेली आहे. उद्या अकराला फोन करते.

पंचफुला आनंदानं टाळी वाजवून हसली. मग तिचं तोंड उतरलं.

"म्या तीन वर्षं जित्या माणसाले मेलेल्याचं पाणी दिलं," ती म्हणाली. "तिले सांगू कसं?"

नत्थू म्हणाला, सांगू नको. आचलही तेच म्हणाली. पण अमलाबाईशी पंचफुला कधी खोटं बोलली नव्हती.

सकाळी घागरी भरून पाटावर ठेवल्या. पुरण शिजलं. अकराला फोन वाजला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, तीच उंच बाई. तिकडे सकाळचे साडेसातच झाले होते.

"काऊन व पंचफुला, बुढी झाली तू," अमलाबाई म्हणाली.

पंचफुला हसली, रडली, आणि त्याच दमात सगळं सांगून बसली. पत्र, शिक्का, चौथी घागर.

अमलाबाई पडद्याच्या जवळ सरकली.

"पुरणपोळी ठेवत होती का?" अमलाबाईनं विचारलं.

"होती ना. वडे बी."

"तरीच. तीन वर्षांपासून मले इथलं जेवण जात नाही."

नत्थू एवढ्यांदा हसला की शेजारच्या लीलाबाई कुंपणापाशी आल्या. जित्याला मेलं म्हटलं की आयुष्य वाढतं, असं त्यांनी तिथूनच सांगून टाकलं. अमलाबाईला ते फार आवडलं. मग आणखी तीन वर्षं भर, ती म्हणाली.

पंचफुलानं मात्र चौथी घागर पाटावरून उचलली. हे पाणी आता आम्ही पिऊन टाकू, ती म्हणाली.

"राहू दे," अमलाबाई हळूच म्हणाली. "सोफी गेली थंडीत. शेवटपर्यंत बोलली नाही माह्याशी. तिच्या नावानं भरशील?"

पंचफुलानं घागर जागेवर ठेवली. पदरानं तिचा काठ पुसला.

"तुही बहीण ते माही बहीण," ती म्हणाली. "भांडली म्हणून काय उपाशी ठेवू?"

आचलनं फोन घागरींकडे वळवला. अमलाबाईनं एकेक नाव घेतलं, नत्थूनं पाणी सोडलं. सोफीच्या पानावर पंचफुलानं दोन वडे जास्त वाढले. पहिल्यांदाच जेवायला येत होती ती.

"म्हणजे चारच्या चार राह्यल्या," नत्थू म्हणाला आणि बापाची घागर थोडी पुढे सरकवली.