आईच्या बाजूचं लॉक

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा बाबांनी एक जुनी मोटार घेतली. कारण एकच, आईचे गुडघे. बाजारहत्नूरहून तिच्या बहिणीकडे जायचं तर बसच्या उंच पायऱ्या तिला चढवेनात. पण कारण सांगणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. ते लोकांना सेंट्रल लॉक दाखवत. पाहुणा आला की त्याला अंगणात उभं करून ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवत. पुढारी बसताच कार्यकर्ते बसावेत तशा बाकीच्या दारांच्या खुंट्या खटकन खाली जात. पाहुण्याला चहा त्यानंतर.

मोटारीची पूजा बासरला देवीच्या देवळापुढं झाली. मंत्र एखाद्या विमानाला पुरतील इतके लांबले. शेवटी आईनं दारादारावर कुंकू-तुपात कालवलेल्या अक्षता वाहिल्या. मागच्या डाव्या दाराशी ती बसायची, तिथं मूठभर जास्त.

काही दिवसांनी भर बाजारात तेच दार अडकलं. बाबांनी किल्ली फिरवली, बाकीच्या खुंट्या वर आल्या, आईची आली नाही. बोटांनी ओढूनही येईना. सगळ्यांदेखत तिला दुखरे गुडघे ओढत पलीकडच्या दारानं उतरावं लागलं.

"मी आता या पेटीत नाई बसत," घरी येऊन ती म्हणाली. "बहिणीकडं बसनंच जाईन."

"पायऱ्या कोन चढवन तुले?"

"पडन तं रस्त्यावर पडन. कोंडून नाई राहनार."

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकस घेऊन दाराशी बसले. आधी फ्यूज बदलला.

"बाकीची दारं चालतात, मंग फ्यूज काऊन बदलून राह्यले?" मी विचारलं.

"नवा आनला होता."

मग त्यांनी किल्ली फिरवली आणि मी दाराला कान लावला. आत लॉकची छोटी मोटर घुरघुरली. म्हणजे वीज पोचत होती, खुंटी वर-खाली करणारी सळईच कुठंतरी अडली होती. आम्ही दाराचं आतलं आवरण काढलं. खुंटीच्या सळईपाशी लाल तांदळाचा गोळा वाळून दगड झाला होता. काचेच्या फटीतून अक्षता आत उतरल्या होत्या.

आई ओट्यावरून बघत होती. बाबांनी दोन दाणे तळहातावर नेऊन तिला दाखवले.

"देवीले वाह्यल्या का लॉकले?"

"तुमीच म्हनले, हात आखडू नको म्हून."

रॉकेलनं सळई धुतली, तेल सोडलं. खुंटी वरखाली होऊ लागली. बाबांनी आईला बोलावून किल्ली फिरवून दाखवली.

"आज चालून राह्यलं," ती म्हणाली. "उद्याचं काय?"

बाबांनी आत हात घालून त्या दाराच्या मोटरची तार काढली, टोकाला टेप गुंडाळली आणि आवरण परत बसवलं.

"आता हे दार माया किल्लीचं ऐकत नाई. तुया हातानं लाव, तुया हातानं उघड."

आईनं ते कितीदा तरी उघडून लावून पाहिलं.

"मंग पाहुन्यायले काय दाखवान?"

"बाकीची हायेत ना."

त्याच आठवड्यात आम्ही तिच्या बहिणीकडे निघालो. वाटेत नेरडीगोंड्याला चहाला थांबलो. बाबा उतरून मागच्या दाराशी गेले, पण दाराला हात लावला नाही. आईनं आतून खुंटी वर केली, दार ढकललं आणि सावकाश दोन्ही पाय खाली टेकले.