पाव फेरा

नाशिकजवळच्या एका घरगुती वायनरीत फेसाळत्या वाइनच्या बाटल्या तळघरात मान खाली करून ठेवतात. गाळ तोंडाशी उतरावा म्हणून रोज प्रत्येक बाटली हातानं पाव फेरा फिरवायची. मी वायनरी बघायला गेले तेव्हा घरचे म्हातारे अण्णा फिरवत होते. त्यांची सून मला हळूच म्हणाली, "सकाळीच फिरवून गेलेत. विसरतात हल्ली."

"मग सांगत नाही त्यांना?"

 अण्णा जिना चढू लागल्यावर सुनेनं बाटल्यांच्या बुडावरच्या खडूच्या खुणा बघत एकेक बाटली अलगद पाव फेरा मागे फिरवली. घरातल्या कुणाची चूक इतक्या हलक्या हातानं मी कधी सुधारली होती, आठवेना.

वरून अण्णांनी विचारलं, "सूनबाई, आजच्या झाल्या ना गं?"

"झाल्या की, अण्णा. तुम्हीच तर फिरवल्यात."