चहा टाकू का गं?

कुवेतच्या महबूल्यातल्या मंडळींनो, आपल्या समुद्रावर उभी असलेली ती पांढरी कॅम्पर व्हॅन तुम्हीही बघितली असेल. त्यात एक रिटायर झालेलं डच जोडपं राहतं. हिवाळा उबेत काढायला थेट युरोपातून गाडी चालवत आलेत!

माझे सासू-सासरेही थंडीपुरते आमच्याकडे येतात. नाशिकच्या गारठ्यात आईंचे गुडघे धरतात.

आज शुक्रवार, सुट्टी. आम्ही चौघं सकाळी समुद्रावर फिरत होतो, तर त्या व्हॅनमधल्या आजोबांनी हाक मारून आत बोलावलं. आत इवलासा ओटा, दोन शेगड्या, खिडकीत पुदिन्याची कुंडी. मी मनात म्हटलं, या वयात हे कसले भिकेचे डोहाळे!

त्या आजींनी आईंना खुणेनेच शेगडी दाखवली. झालं! आईंनी पदर खोचला, आलं नाही म्हटल्यावर पुदिना खुडला आणि सहा जणांचा चहा टाकला. साखरेचा डबासुद्धा स्वतःच शोधला. कुणाला काही विचारलं नाही.

दुपारी त्याच आई माझ्या किचनच्या दारात उभ्या राहिल्या. "चहा टाकू का गं? चालेल ना?"

तीन हिवाळे त्या असंच विचारतायत आणि मी "टाका ना" म्हणतेय. पहिल्या वर्षी मीच, अगदी प्रेमाने, म्हटलं होतं, "आई, तुम्ही इथे पाहुण्या. बसून राहा."

त्यांनी ते ऐकलं हो माझं.

तुमच्या घरी कोण दारात उभं राहून विचारतं?