गोजरबाईचे भोपळे

चैताचं ऊन सकाळीच चटके देत होतं. वारा तर पारच पडलेला. गोजरबाईनं अंगणात सडा टाकला आणि तुरीचं सूप मांडीवर घेऊन खडे वेचायला बसली. हात सुपात, डोळे धाकट्या जावेच्या, रुखमाबाईच्या ओट्यावर. तिथं घासलेटचे दोन रिकामे डबे चकचकत होते.

"पाह्य ना, आरशावानी मांडून ठेवले," ती तुरीलाच म्हणाली.

मोताळ्याकडच्या त्या गावाला पाण्याची विहीर एकच. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, कठडा नाही, खालच्या चार पायऱ्या शेवाळानं बुळबुळीत. गोजरबाई नवी नवरी होती तेव्हा तिची नणंद घागरीसकट तिथून घसरली. गोजरबाई तीन पायऱ्या वर उभी होती. पोहता येत नव्हतं. नुसती उभी राहिली.

तेव्हापासून तिचा एकच हेका: पोरगी घागर उचलण्याजोगी झाली की आधी पोहणं, मग पाणी. माणसं हसली. "काऊन वं गोजरबाई, पोरीयचे बेंडकं करतं काय?" ती ऐकायची नाही. गोठ्यावर भोपळ्याचा वेल चढवायची. भोपळे देठासकट पिकू द्यायचे, मग वर्षभर चुलीवर धुरात टांगायचे. चैतात पाणी उतरलं की दोन भोपळे पोरीच्या काखेखाली बांधायचे, कमरेला दोर. म्हातारा कडूबा पाण्यात उतरायचा, दोराचं दुसरं टोक वर गोजरबाईच्या हातात. निम्म्या गावच्या लेकीसुना याच भोपळ्यांवर तरल्या होत्या. चैत लागला की बाया दारात यायच्या, "बाई, भोपळे द्या," म्हणायच्या. तिला तेवढं पुरत होतं.

यंदा कोणी आलं नाही. रुखमाबाईचा भाऊ मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला होता. त्यानं हे डबे तोंडाला झाळ मारून बंद केले आणि बहिणीकडे धाडले. आठ दिवसांत तीन पोरी डब्यांवर शिकल्या. गोजरबाईची जेवणावरची वासना उडाली. त्यात तिची नात कोकिळा, आठ वर्षांची, म्हणाली, "आजी, मले डब्ब्यानं शिकव. भोपया कायाकुट्ट हाय."

हे मात्र काळजाला जाऊन लागलं. तिनं धुरातले भोपळे खाली काढले, विटकरीनं काजळी खरवडली, तेल चोळलं आणि चार दिवस उन्हात ठेवले. भोपळे सोन्यासारखे झळकायला लागले. "आता म्हणा काया!"

पाचव्या दिवशी कोकिळेला घेऊन ती विहिरीवर गेली. बाया जमल्याच होत्या. रुखमाबाईनं डबेही आणले होते, लागले तर असू द्या म्हणून.

"झाळ उकलली तं पोट्टी तळाले जाईन," गोजरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "डोणीत दाबून पाहू."

ढोरांच्या दगडी डोणीत तिनं एकेक डबा दोन्ही हातांनी दाबून धरला. शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. बुडबुडा म्हणून आला नाही.

"अवं सोडा त्याले," सत्यभामाबाई म्हणाली, "डब्बा नाही, तुमीच गुदमरसान!"

बाया खिदळल्या. कोणीतरी म्हणालं, "आता भोपये दाबा."

"राहू द्या," रुखमाबाई म्हणाली. "बाईच्या भोपयाले काय पाह्यतं? मी बी त्यावरच शिकली."

ती मनापासून बोलली होती, आणि तेच गोजरबाईला सोसलं नाही. "मले तुही मेहेरबानी नको वं!" तिनं भोपळा घेतला आणि खच्चून पाण्याखाली दाबला.

तळव्याला गुदगुल्या झाल्या. देठापाशी केसाएवढी चीर होती, तिच्यातून बारीक बुडबुडे निघून तिच्याच हाताखाली अडकत होते. वरून कोणाला काही दिसत नव्हतं. कोकिळा कमरेला दोर बांधून उभी होती. "आजी, बांध ना लवकर!"

गोजरबाईनं शंभर मोजायला घेतले. सत्तावीसवर थांबली. हात उचलला. बुडबुड्यांची माळ वर आली.

"फुटला," ती म्हणाली. "म्याच उन्हात घातला. डब्ब्यावानी चमकवाले गेली."

कोणी हसलं नाही. तिनं डबे ओढून घेतले आणि नातीच्या काखेखाली स्वतः बांधले. "गाठ मात्र माही राहीन," ती जावेला म्हणाली. "अन् डब्बे रोज डोणीत दाबत जाय. झाळ आज हाय, उद्या नसन."

"हाव, बाई."

कडूबा आधीच छातीभर पाण्यात उभा होता. त्यानं कोकिळेला हातावर घेतलं, मग हळूच हात काढला. पोरगी तरंगली, खिदळली, पाय झाडायला लागली. भोपळ्यावर इतकी सपाट कोणी तरंगली नव्हती. गोजरबाईला ते बघवत नव्हतं आणि डोळाही काढवत नव्हता. दोर तिनं तळहाताला वळ उठेपर्यंत धरून ठेवला.

घरी येऊन तिनं चिरलेला भोपळा फोडला. बिया फडक्यावर वाळत टाकल्या, सावलीत. समोर जावेनं डबे ओट्यावर मांडले, तेव्हा सूर्य बरोबर त्यांच्यावर आला.

"चमका, चमका," गोजरबाई म्हणाली, सूप मांडीवर ओढलं आणि तुरीतला खडा वेचून अंगणात फेकला.