चौकोनी कंसातला बॅच नंबर

"ग्लोरिया, मॅन्युअलचं पान चौदा तूच लिहिलंस ना?"

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या सावंत सरांनी फोनवर हॅलोही न म्हणता विचारलं.

मी टेक्निकल रायटर. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिते, नालासोपाऱ्याजवळच्या वटार गावात, घरूनच. पॅथॉलॉजी लॅबसाठीच्या एका सॉफ्टवेअरचं मॅन्युअल माझं होतं. नालासोपाऱ्याच्या एका लॅबमध्ये ते नुकतंच बसवलं होतं. तिथल्या टेक्निशियनने एक कमांड दिली आणि सकाळपासूनचे चव्वेचाळीस रिपोर्ट पुसले गेले. बॅकअप आदल्या रात्रीचा, म्हणजे उपयोग शून्य.

"एका बाईंचं दोन वाजता ऑपरेशन आहे. त्यांचा रिपोर्टही गेलाय," सर म्हणाले. "तू जवळ आहेस. जा."

स्कूटी काढली. वाटभर एकच घोकत होते: त्या टेक्निशियनने पान दोन वाचलं नसणार. कमांड लिहिण्याच्या काही खुणा ठरलेल्या असतात. टोकदार कंस असेल तिथे आपली माहिती भरायचीच. चौकोनी कंसातली माहिती ऐच्छिक, दिली नाही तरी चालते. हा तक्ता पान दोनवर असतो आणि तो कुणी वाचत नाही, अशी आम्हा रायटर लोकांची कायमची तक्रार.

अर्चना, ती टेक्निशियन, मशीनपाशी उभी होती. डोळे लाल झाले होते. समोर माझं मॅन्युअल, पान दोन उघडं. पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या.

"मॅडम, मशीन तपासायला लावलेल्या सँपलची बॅच तेवढी काढायची होती," ती म्हणाली. "पान चौदावर बघा. क्लिअर [बॅच नंबर]. चौकोनी कंस आहे. नाही दिला तरी चालेल, तुम्हीच लिहिलंय. मला वाटलं, शेवटची बॅच जाईल."

नंबर न देता कमांड चालते, हे खरंच होतं. पण मग ती सगळ्याच बॅच पुसते, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

"सँपल आहेत ना?" मी कसंबसं विचारलं.

"आहेत. ऑपरेशनवाल्या बाईंचं आधीच परत मशीनला लावलंय."

मी रजिस्टरमधली नावं वाचत गेले, ती ट्यूबवरची लेबलं ताडून पाहत गेली. हॉस्पिटलमधून तीनदा फोन आला. दीड वाजता बाईंचा रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवला. बाकीचे चारपर्यंत झाले, एक सोडून. दहा महिन्यांच्या एका बाळाचं रक्त पुरेसं उरलं नव्हतं.

त्याच्या आईला परत बोलावलं.

"पुन्हा सुई कशाला?" तिने विचारलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. तिला मी कोण तेही माहीत नव्हतं. तिने बाळाचा हात घट्ट धरला. ते खूप रडलं.

सोमवारी सर म्हणाले, "तसं तुझं पान टेक्निकली बरोबरच आहे."

"हो सर. म्हणूनच तिने विश्वास ठेवला."

आता चौकोनी कंस आला की त्याखाली मी एक पूर्ण वाक्य लिहिते: हे दिलं नाही तर नेमकं काय होईल. पानं वाढतात. वाढू देत.